कॉलेजच्या लॅबमधल्या पितळी पेटीला 'पोस्ट ऑफिस बॉक्स' का म्हणतात? उत्तराची वाट खामगावच्या कापूस बाजारातून जाते

बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर. यातल्या कुठल्याही गावात बी.एस्सी. केलेल्या आणि आज पन्नाशी ओलांडलेल्या माणसासमोर 'पोस्ट ऑफिस बॉक्स' एवढंच म्हणून बघा. फिजिक्सचं प्रॅक्टिकल, लाकडी पेटी, तिच्यावरच्या पितळी पट्ट्या, खुंट्यांसारखे पिळून बसवायचे प्लग आणि जर्नलवर सही न करता परत पाठवणारे सर, असं सगळं एका दमात बाहेर येईल.

पण या पेटीचा पोस्टाशी काय संबंध, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात. पत्रं टाकायच्या पेटीसारखी दिसते म्हणून, असंही कोणी सांगतं. ते खरं नाही.

आज या पेट्या बऱ्याच लॅबमधून कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्यात. अभ्यासक्रम बदलला, डिजिटल मल्टिमीटर आले. पुढची पायरी म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये लाल रेघ आणि पितळ किलोच्या भावानं भंगारात. ती वेळ येण्याआधी ही उपकरणं कशासाठी बनली होती, कशी चालायची आणि त्यांच्यातलं काय अजून आपल्या वापरात आहे, ते बघूया.

१८७० साली काय झालं होतं?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबईहून नागपूरकडे जाणारी लाइन १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशनं याच लाइनवरची. वऱ्हाडातला मोठा कापूस बाजार असलेलं खामगाव मात्र मुख्य लाइनपासून बाजूला राहिलं होतं. म्हणून जलंब ते खामगाव असा आठ मैलांचा, म्हणजे सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला. १८७० मध्ये त्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, बुलढाणा जिल्ह्यात ते १९०५ मध्ये आलं.

त्याच १८७० साली आणखी दोन गोष्टी घडल्या. मुंबईहून एडन आणि सुएझमार्गे इंग्लंडकडे जाणारी समुद्राखालची तार सुरू झाली. जो निरोप बोटीनं जायला काही आठवडे लागायचे, तो काही तासांत जाऊ लागला. कापसाच्या व्यापाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ होता: लिव्हरपूलचा भाव हिंदुस्थानात जवळजवळ ताजा कळणार.

आणि तिसरी गोष्ट इंग्लंडमधली. तिथल्या खासगी तार कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या आणि त्यांचा कारभार पोस्ट खात्याकडे दिला. तारांची तपासणी करणाऱ्या इंजिनिअरांच्या हातातली मोजणीची पेटी मग 'पोस्ट ऑफिस बॉक्स' म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे कॉलेजांनी ती शिकवायला घेतली आणि नाव तसंच चिकटून राहिलं.

म्हणजे ही पेटी मुळात कॉलेजसाठी बनलेली नव्हती. तुटलेली तार नेमकी कुठे बिघडली आहे, ते ऑफिसात बसून शोधायचं हत्यार होतं ते.

बसल्या जागेवरून बिघाड कसा सापडायचा?

प्रत्येक तार विजेच्या प्रवाहाला थोडाफार विरोध करते. त्याला रोध किंवा रेझिस्टन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. एकाच जाडीच्या, एकाच धातूच्या तारेची लांबी दुप्पट केली की रोधही दुप्पट होतो. सगळी गंमत या एका नियमात आहे.

समजा, जलंब ते खामगाव अशी १३ किलोमीटरची तार आहे आणि तिचा रोध दर किलोमीटरला ८ ओहम आहे. (आकडा फक्त उदाहरणासाठी.) पावसात खांब पडला आणि तार मध्येच कुठेतरी ओल्या जमिनीला टेकली. खामगावच्या माणसानं आपल्या टोकापासून जमिनीपर्यंतचा रोध मोजला तो ७२ ओहम भरला. ७२ भागिले ८ म्हणजे ९. बिघाड नऊ किलोमीटरवर आहे. दुरुस्तीची माणसं थेट तिथेच पाठवायची, तेरा किलोमीटर चालत प्रत्येक खांब बघायची गरज नाही.

प्रत्यक्षात एक अडचण यायची. तार जिथे जमिनीला टेकली आहे, तिथल्या मातीचाही रोध या मोजणीत मिसळायचा. त्यावर तोडगा म्हणून शेजारची चांगली तार दुसऱ्या टोकाला जोडून एक फेरा तयार करायचे आणि दोन बाजूंच्या रोधांचं गुणोत्तर काढायचे. या पद्धतीला मरे लूप म्हणतात. जमिनीखालच्या केबलमधला दोष शोधताना ती पुढेही वापरली गेली.

पण या सगळ्यासाठी रोध अचूक मोजता यायला हवा. तिथे कामाला आला व्हीटस्टन ब्रिज.

व्हीटस्टन ब्रिज: दोन पाटांची गोष्ट

शेतातलं उदाहरण घ्या. एका विहिरीवरून पाण्याचे दोन पाट निघाले आणि शेताच्या खालच्या टोकाला पुन्हा एकत्र आले. दोन्ही पाटांच्या मधल्या एकेका जागेला जोडणारी आडवी चारी खोदली. एका पाटातली पातळी वर असेल तर चारीतून पाणी दुसरीकडे वाहील. दोन्हीकडची पातळी सारखी असेल तर चारीत पाणी हलणारच नाही.

व्हीटस्टन ब्रिजमध्ये पाण्याच्या जागी वीज, पाटांच्या जागी चार रोध आणि चारीच्या जागी गॅल्व्हॅनोमीटर असतो. गॅल्व्हॅनोमीटर म्हणजे अगदी थोडी वीज वाहिली तरी काटा हलवणारं यंत्र. एका वाटेवर पी आणि क्यू हे रोध, दुसऱ्या वाटेवर आर आणि आपला न माहीत असलेला एक्स. काटा शून्यावर थांबला की पी भागिले क्यू बरोबर आर भागिले एक्स. तीन रोध माहीत असले की चौथा आपोआप निघतो.

ही मांडणी आधी सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली. चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती १८४३ मध्ये लोकांसमोर आणली, ख्रिस्टींना श्रेयही दिलं, तरी नाव व्हीटस्टनचंच पडलं.

या पद्धतीची ताकद कुठे आहे ते नीट बघा. काटा किती हलला, हे मोजायचंच नाही. तो हलला की नाही, एवढंच बघायचं. बॅटरी थोडी उतरलेली असली किंवा गॅल्व्हॅनोमीटरच्या पट्टीवरचे आकडे चुकलेले असले तरी उत्तर बिघडत नाही. किराणा दुकानातल्या जुन्या तराजूसारखंच हे: दांडी सरळ झाली की वजन बरोबर. फिजिक्समध्ये याला शून्य विचलन पद्धत म्हणतात.

पोस्ट ऑफिस बॉक्स: आत काय असतं?

व्हीटस्टन ब्रिजच्या चारपैकी तीन बाजू एकाच पेटीत बसवल्या की झाला पोस्ट ऑफिस बॉक्स. वर एबोनाइटची काळी पाटी. एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेलं रबर. त्या पाटीवर पितळेचे जाड ठोकळे आणि दोन ठोकळ्यांच्या फटीत बसणारे निमुळते प्लग.

पाटीखाली प्रत्येक फटीला एक तारेची गुंडाळी जोडलेली असते. प्लग आत असेल तर वीज पितळेतून सरळ निघून जाते. प्लग काढला की तिला गुंडाळीतून जावं लागतं. म्हणून इथला हिशेब उलटा आहे: प्लग काढला की रोध वाढतो. पहिल्या प्रॅक्टिकलला जवळजवळ प्रत्येकाचा गोंधळ इथेच उडतो.

पी आणि क्यू या दोन बाजूंना १०, १०० आणि १००० ओहमच्या गुंडाळ्या असतात. तिसऱ्या बाजूला एक ओहमपासून काही हजारांपर्यंत, सगळं मिळून साधारण ११,००० ओहम. चौथ्या बाजूला मोजायची तार जोडायची.

मोजणी तीन टप्प्यांत व्हायची:

- १० : १०. आर ५ ठेवला तर काटा डावीकडे, ६ ठेवला तर उजवीकडे. म्हणजे उत्तर ५ आणि ६ च्या मध्ये.
- १०० : १०. आता आर ५३ ला डावीकडे, ५४ ला उजवीकडे. दहानं भागायचं. उत्तर ५.३ आणि ५.४ च्या मध्ये.
- १००० : १०. आर ५३६ ला काटा शून्यावर. शंभरानं भागायचं. उत्तर ५.३६ ओहम.

एक ओहमपेक्षा लहान गुंडाळी पेटीत नाही, तरी ओहमचा शंभरावा भाग हाती येतो. तो येतो गुणोत्तरातून.

पेटीवर दोन चाव्या असतात, एक बॅटरीची आणि एक गॅल्व्हॅनोमीटरची. आधी बॅटरीची दाबायची, मग गॅल्व्हॅनोमीटरची. सोडताना उलट क्रम. याचं कारण असं की, वीज चालू किंवा बंद होताना गुंडाळ्यांमध्ये क्षणभर धक्का तयार होतो. गॅल्व्हॅनोमीटर त्या वेळी जोडलेला असेल तर काटा उगाच उडी मारतो. पेटीतल्या गुंडाळ्यांची तार मुद्दाम दुपदरी घडी घालून गुंडाळलेली असते, म्हणजे तिचा स्वतःचा धक्का एकमेकांत मिटून जातो. पण बाहेरून जोडलेल्या वस्तूचं काय? म्हणून चाव्यांचा क्रम.

'अनंत' असं लिहिलेला एक प्लगही असतो. तो काढला की वाट पूर्ण तुटते. आर शून्य असताना काटा एकीकडे आणि अनंतचा प्लग काढल्यावर दुसरीकडे गेला, की जोडणी बरोबर. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला तर सरांना बोलावण्याआधी स्वतःच तारा तपासायच्या.

मीटर ब्रिज आणि पोटेन्शिओमीटर: उघड्या तारेची दोन भावंडं

मीटर ब्रिज म्हणजे उघडा व्हीटस्टन ब्रिज. लाकडी फळीवर बरोबर एक मीटर लांबीची ताणलेली तार, खाली पट्टी आणि तारेवर टेकवत न्यायची एक चावी. पी आणि क्यूच्या जागी तारेचे दोन तुकडे येतात. काटा ४० सेंटिमीटरवर शून्य झाला तर गुणोत्तर ४० ला ६०. चावी तारेवर घासत न्यायची नाही, उचलून टेकवायची. घासली तर तार झिजते, आणि जिथे झिजली तिथे रोध बदलतो. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांनी मधोमध घासलेल्या तारा म्हणूनच चुकीचं उत्तर देतात. याच मांडणीची जास्त काटेकोर आवृत्ती कॅरी फॉस्टर यांनी १८७२ मध्ये काढली. दोन जवळजवळ सारख्या रोधांमधला बारीक फरक तिच्यानं मोजता येतो.

पोटेन्शिओमीटरमध्ये तार सहसा दहा मीटरची, फळीवर दहा रांगांत. कल्पना योहान पोगेनडॉर्फ यांची, १८४१ ची. त्यानं घटाचा, म्हणजे सेलचा, खरा दाब मोजतात. साधा व्होल्टमीटर जोडला की तो घटातून थोडी वीज खातो आणि तेवढं मोजमाप कमी येतं. पोटेन्शिओमीटरमध्ये काटा शून्यावर असताना घटातून वीज वाहतच नाही. मोजण्याच्या नादात मोजायची वस्तूच बदलायची नाही, हा धडा यातून मिळायचा.

यासाठी लागणारे घट लॅबमध्येच भरायचे. १८३६ च्या डॅनियल घटात मोरचुदाचं निळं पाणी, म्हणजे तेच मोरचूद जे शेतकरी बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर वापरतात. १८६६ च्या लेक्लांशे घटात नवसागराचं पाणी. डॅनियलचा दाब सुमारे १.०८ व्होल्ट, लेक्लांशेचा साधारण दीड. टॉर्चमधला साधा कोरडा सेल हा लेक्लांशे घटाचाच वारस.

टँजंट गॅल्व्हॅनोमीटर: पृथ्वीशी स्पर्धा

या कपाटातलं सगळ्यात देखणं उपकरण हेच. उभं गोल कडं, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, मधोमध काचेच्या डबीत लहानसं होकायंत्र. क्लोद पुइये यांनी १८३७ मध्ये ते वापरात आणलं. त्याच्या सतरा वर्षं आधी, १८२० मध्ये, हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना दिसली होती.

यातली कल्पना साधी आहे. सुईला पृथ्वी उत्तरेकडे ओढते. कड्यातून वीज सोडली की कडं तिला पूर्व-पश्चिम ओढतं. दोघांच्या ओढाताणीत सुई मध्ये कुठेतरी थांबते. ती किती अंशांतून वळली त्या कोनाचा टँजंट विजेच्या प्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणून नाव टँजंट गॅल्व्हॅनोमीटर.

आता आपल्या जिल्ह्यापुरता हिशेब करू. बुलढाण्याच्या आसपास पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा भाग साधारण ३८ मायक्रोटेस्ला आहे. कड्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर आणि वेढे ५० घेतले, तर सुई बरोबर ४५ अंशांवर जाण्यासाठी सुमारे ०.०९७ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे जवळजवळ एक दशांश अँपिअर. इतकी साधी वस्तू, आणि पृथ्वीला वजनाचं माप बनवून वीज तोलते.

वाचन ४५ अंशांच्या आसपास घ्यावं, कारण तिथे कोन वाचताना झालेल्या चुकीचा परिणाम सगळ्यात कमी. काट्याची दोन्ही टोकं वाचायची, मग विजेची दिशा उलटी करून पुन्हा दोन्ही. चारांची सरासरी काढायची. डबीच्या तळाला आरसा असतो. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक दिसलं की डोळा बरोबर वर आहे.

सर ओरडायचे ते मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून: टेबलावरून लोखंड हटवा. किल्ल्या, कंपासपेटी, लोखंडी पायांचं स्टूल. त्या ओरडण्यामागे महाराष्ट्रातलीच एक मोठी गोष्ट आहे.

ट्रामनं वेधशाळा हलवली

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवरच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांमधून आणि जमिनीतून वाहणारी वीज चुंबकाच्या नाजूक सुया बिघडवणार, हे उघड होतं.

तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. ते एल्फिन्स्टन कॉलेजात फिजिक्सही शिकवत. त्यांनी जागा शोधली अलिबागची. लोखंड टाळून आणि चुंबकत्व नसलेला दगड निवडून तिथे इमारत बांधली. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड बसेल. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

मूस यांनी जे संपूर्ण वेधशाळेसाठी केलं, तेच बी.एस्सी.च्या टेबलावर किल्ल्या बाजूला ठेवून करायचं असतं.

इमारतीचा दगड निवडून घ्यावा लागला, याचं कारण बुलढाणेकरांना लांब शोधायला नको. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजं असतात आणि लाव्हा थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा त्यांच्यात गोठून बसली आहे. काही थरांमध्ये ती आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. लोणारचं विवर याच बेसॉल्टमध्ये आहे. म्हणूनच तिथे अभ्यासाला येणारे भूवैज्ञानिक खडकांचं चुंबकत्व मोजतात.

आरशावरचा उजेड

टँजंट गॅल्व्हॅनोमीटरनं खूप क्षीण वीज मोजता येत नाही. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकली तेव्हा दुसऱ्या टोकाला पोचणारी वीज अगदीच मरतुकडी होती. विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी सुईला काट्याऐवजी चिमुकला आरसा लावला. आरशावर दिव्याचा उजेड टाकायचा आणि लांबच्या पट्टीवर तो ठिपका कुठे सरकतो ते बघायचं. आरसा एका अंशानं वळला की उजेड दोन अंशांनी वळतो. शिवाय उजेडाच्या काट्याला वजन नसतं. ती पहिली केबल काही आठवड्यांतच बंद पडली. तिच्यावर फार जास्त दाब दिला गेला होता. आरशाचा गॅल्व्हॅनोमीटर मात्र टिकला.

कॉलेजमधलं 'लॅम्प अँड स्केल' ते हेच. खिडक्यांना काळे पडदे, अंधारात पट्टीवर सरकणारा उजेडाचा ठिपका आणि कोणीतरी दार उघडलं की सगळ्यांचा एकदम आरडाओरडा. बॅलिस्टिक गॅल्व्हॅनोमीटरही याच कुळातला. त्याची गुंडाळी मुद्दाम संथ झुलणारी असते. क्षणात वाहून गेलेल्या विजेचा एकूण साठा तो पहिल्या झोक्यावरून सांगतो.

मग ही उपकरणं गेली कुठे?

सरळ कारण: मल्टिमीटर स्वस्त झाला. दोन तारा लावा, आकडा वाचा. तारखातंही गेलं. भारतातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मल्टिमीटर वाईट नाही. दुरुस्तीच्या कामाला तोच हवा. पण तो उत्तर देतो आणि रस्ता झाकून ठेवतो. पोस्ट ऑफिस बॉक्सवर विद्यार्थ्याला प्रत्येक टप्प्यावर ठरवावं लागतं: कुठला प्लग, कुठलं गुणोत्तर, कुठली चावी आधी, काटा उलटा का गेला. चूक झाली तर ती समोर दिसते.

आणि ब्रिज तर कुठेच गेलेला नाही. बाजार समितीत कापसाची गाडी ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, त्याच्या पोटात लोड सेल असतात. वजनानं धातू किंचित दबतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा रोध किंचित बदलतो. तो बदल इतका लहान असतो की सरळ मोजणं अवघड. म्हणून त्या पट्ट्या जोडलेल्या असतात व्हीटस्टन ब्रिजमध्ये. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यातही तेच. कापसाच्या भावाची तार सांभाळणारी मांडणी आज त्याच कापसाचं वजन सांगते.

टँजंट गॅल्व्हॅनोमीटरचं कामही तुमच्या खिशात आहे. फोनमध्ये चुंबकत्व मोजणारा सेन्सर असेल तर मॅग्नेटोमीटरचं एखादं मोफत ॲप उघडा आणि लोखंडापासून दूर, मोकळ्या मैदानात उभे राहा. आपल्या जिल्ह्यात एकूण आकडा ४४ मायक्रोटेस्लाच्या आसपास यायला हवा. (३८ हा त्यातला फक्त आडवा भाग.) मग फोन लोखंडी गेटजवळ न्या. आकडा कसा पळतो ते बघितलं की सरांचं ओरडणं पटेल.

कपाटात अशी पेटी सापडली तर

तुम्ही शिक्षक असाल, लॅब असिस्टंट असाल किंवा संस्थेत तुमची ओळख असेल, तर एवढं करा.

- आधी फोटो, मग फडकं. पेटीवरचं बनवणाऱ्याचं नाव, नंबर आणि डेड स्टॉकचा रंगवलेला आकडा यांचा फोटो काढा. लंडनचे इलियट ब्रदर्स, केंब्रिजचे डब्ल्यू. जी. पाय किंवा अंबाल्याचा एखादा कारखाना, नावावरून उपकरणाचा प्रवास कळतो.
- पितांबरी, चिंच, लिंबू नको. पितळेवर मुळात पातळ लाखेचा थर असतो. घासला की तो जातो आणि कोरलेले आकडे पुसट होतात. कोरडं मऊ कापड पुरे.
- उन्हात ठेवू नका. उजेडानं एबोनाइट तपकिरी पडतं आणि त्यातल्या गंधकामुळे वर आम्लाचा थर येतो. मग प्लग न लावताही पाटीवरून वीज झिरपते.
- एकाचे प्लग दुसऱ्यात घालू नका. प्रत्येक पेटीचे प्लग त्याच भोकांना घासून बसवलेले असतात.
- 'स्टँडर्ड सेल' लिहिलेली डबी उघडू नका. आत वेस्टन घट असू शकतो. १९११ ते १९९० या काळात जगभर व्होल्टचं माप त्याच्याशी ताडून बघितलं जायचं. पण त्यात पारा आणि कॅडमियम आहे, दोन्ही विषारी. तो भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. वेगळा ठेवा, चिठ्ठी लावा आणि घातक कचऱ्याच्या नियमानुसारच त्याची विल्हेवाट लावा.
- एक तरी चालू ठेवा. कागदोपत्री निर्लेखन होणार असेल तरी प्रत्येक प्रकारचं एक उपकरण विभागातच ठेवावं असा लेखी प्रस्ताव द्या. सोबत एका पानाची माहिती: हे काय आहे, कसं चालतं, शेवटचं कोणत्या वर्षी वापरलं.

शेवटचं काम सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत घाईचं आहे. ही उपकरणं लावायला शिकवणारे प्राध्यापक आणि ती वर्षानुवर्षं चालती ठेवणारे लॅब असिस्टंट आता निवृत्त झालेत. कोणत्या मीटर ब्रिजची तार कुठे झिजली आहे आणि कोणता गॅल्व्हॅनोमीटर कुठल्या कोपऱ्यातच नीट चालतो, हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं नाही, त्यांना ठाऊक आहे. एक दिवस त्यांना कॉलेजात बोलवा, पेटी समोर ठेवा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू करा. पहिला प्लग ते न सांगताच काढतील.